दाराजवळची जागा

१८७१ साली फिलाडेल्फियाच्या जेकब मेंडेस द कॉस्टा या डॉक्टरांनी एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात टर्नर्स लेन नावाच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी तीनशेच्या आसपास सैनिक तपासले होते. सगळ्यांचं गाऱ्हाणं जवळपास एकच. छातीत धडधडतं, डाव्या बाजूला दुखतं, धाप लागते, गरगरतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. गोळी लागलेली नाही, आणि हृदय तपासावं तर त्यात बोट ठेवावं असा दोष सापडत नाही. द कॉस्टांनी या अवस्थेला 'चिडखोर हृदय' असं नाव दिलं आणि पुढची कित्येक वर्षं डॉक्टर मंडळी सैनिकांच्या हृदयातच बिघाड शोधत राहिली.

हा शोध अजून संपलेला नाही. कुठल्याही शहरातल्या कॅज्युअल्टीत रात्री तासभर बसा. तिशीतला एखादा तरुण छाती धरून, घामानं निथळत येतो. सोबत त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेला भाऊ. ईसीजी काढतात, नॉर्मल येतो. बीपी जरासं वाढलेलं. 'काही नाही, गॅसेस झालेत. टेन्शन घेऊ नका,' असं सांगून एक इंजेक्शन देऊन घरी पाठवतात. टेन्शन घेऊ नका हा आपल्याकडे सर्वांत जास्त दिला जाणारा आणि सर्वांत निरुपयोगी सल्ला असावा. ज्याला पंधरा मिनिटांपूर्वी आपण मरतोय असं खरोखर वाटलं, त्याचं 'काही नाही' या उत्तरानं समाधान कसं व्हावं? तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. मग इको, मग स्ट्रेस टेस्ट. फाइल जाड होत जाते.

तपासणी नको असा याचा अर्थ नाही. पहिल्यांदा छातीत दुखलं तर ती नीट झालीच पाहिजे. थायरॉइड वाढलेलं असलं, रक्त कमी असलं, ठोके अनियमित पडत असले, तरी अंगात हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. दिवसाला सात-आठ कप चहा-कॉफी पिणाऱ्याचीही छाती धडधडते. प्रश्न पहिल्या ईसीजीचा नाही, पाचव्याचा आहे.

शरीरात काय घडतं ते बघू. मेंदूत खोलवर अमिग्डला नावाचे दोन छोटे पुंजके असतात. धोक्याची चाहूल लागली की विचार पुरा व्हायच्या आत ते इशारा देतात. अनुकंपी चेतासंस्था जागी होते आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. पळायचं किंवा लढायचं तर मांड्यांना, दंडांना रक्त हवं, म्हणून हृदय जोरात चालतं. प्राणवायू हवा म्हणून श्वास वाढतो. या गडबडीत पचनाचं काम थांबतं, त्यामुळे पोटात गोळा येतो. लाळ आटते, घशाला कोरड पडते. अंग तापू नये म्हणून घाम सुटतो. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालच्या पुस्तकात या सगळ्या खटाटोपाची संगती लावून दाखवली. यातलं एकही लक्षण शरीर बिघडल्याचं नाही. यंत्रणा ठणठणीत आहे, फक्त ती भलत्या वेळी सुरू झाली आहे.

जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मग बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं होतं. माणसाला गुदमरल्यासारखं वाटत असतं आणि प्रत्यक्षात गरजेपेक्षा जास्त हवा आत जात असते. घबराटीच्या अशा झटक्यात, म्हणजे पॅनिक अटॅकमध्ये, हे सगळं साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतं आणि मग ओसरू लागतं. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली असं मांडलं की अटॅकचं मूळ धडधडीत नसून धडधडीचा जो अर्थ लावला जातो त्यात असतं. जिना चढून आल्यावर ठोके वाढतात, ते आपल्या लक्षातही येत नाहीत. पण एकदा 'हा हार्ट अटॅक आहे' असं मनात आलं की भीती वाढते, भीतीनं ठोके आणखी वाढतात आणि वाढलेले ठोके हाच पुरावा ठरतो. पुढच्या वेळी मग छातीत जरासं धस्स झालं तरी पुरतं.

समजा, डोंबिवलीची एक बाई आहे, फोर्टमध्ये नोकरीला. एके दिवशी फास्ट लोकलमध्ये, गर्दीत, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबलेली असताना तिला पहिला अटॅक येतो. दुसऱ्या दिवसापासून ती स्लो लोकल पकडते. वेळ जास्त लागतो, पण दर तीन-चार मिनिटांनी स्टेशन येतं, उतरता येतं. डब्यात शिरल्यावर बसायला मिळत असलं तरी ती दाराजवळच उभी राहते. पर्समध्ये पाण्याची बाटली, ओवा आणि शेजारणीनं दिलेली अर्धी गोळी. मोबाइलवर नवऱ्याचा नंबर काढून ठेवलेला. महिन्याभरानं ती एकटीनं प्रवास करणं सोडते, बहिणीबरोबर जाते. मग आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागते. मग चार दिवस. घरचे म्हणतात, बरं झालं, तिला त्रास होत नाही ना आता.

इथे आजार पक्का होतो. टाळणं हे सावकाराच्या कर्जासारखं आहे. गरजेला रोख पैसा हातात पडतो, जीव भांड्यात पडतो, आणि व्याज मात्र चढत राहतं. गाडी सोडून दिली त्या क्षणी तिला जो सुटल्याचा अनुभव आला, त्यातून मेंदू एकच गोष्ट शिकला: गाडीत धोका होता, उतरलो म्हणून वाचलो. बाटली, गोळी, दाराजवळची जागा, हेही टाळण्याचेच सौम्य प्रकार. ती प्रवास करते, पण काही झालं नाही याचं श्रेय दर वेळी बाटलीला मिळतं. पॉल साल्कोव्स्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी अशा सवयींचा बारकाईनं अभ्यास केला. त्या सुरक्षितता देतात असं वाटतं, आणि भीती खोटी ठरण्याची संधीच हिरावून घेतात.

हे सगळं प्रयोगशाळेच्या बाहेर, स्वतःच्या जिवावर ज्यांनी ओळखलं त्यांच्यात क्लेअर वीक्स यांचं नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. या सिडनीच्या. मूळच्या प्राणिशास्त्रज्ञ, पिलांना जन्म देणाऱ्या सापसुरळ्यांवर त्यांनी संशोधन केलं आणि १९३० साली सिडनी विद्यापीठातून डॉक्टर ऑफ सायन्स मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्याआधी विशीत असताना त्यांना क्षयरोग झाल्याचं चुकीचं निदान झालं होतं. त्या धसक्यानं छाती धडधडायला लागली, ती थांबेना. ठोके मोजत दिवस काढायचे. पुढे पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या एका मित्राला त्यांनी हे सांगितलं. तो म्हणाला, खंदकात आमची अवस्था हीच असायची, ती भीतीची धडधड आहे. ज्या लक्षणापायी द कॉस्टांचे सैनिक इस्पितळात पडून राहिले, ते लक्षण एका सैनिकानं दोन वाक्यांत उलगडून दिलं.

वीक्स नंतर वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या आणि १९६२ साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यांनी भीतीचे दोन थर सांगितले. पहिली भीती आपसूक येते, ती आपल्या हातात नाही. दुसरी भीती पहिलीला घाबरून येते: 'अरे बापरे, हे पुन्हा सुरू झालं!' माणूस लढतो तो या दुसऱ्या थराशी, आणि लढल्यानंच तो वाढतो. वीक्स यांचा सल्ला असा: सामोरं जा, जे होतंय ते होऊ द्या, अंग सैल सोडून त्यातून पुढे सरका आणि वेळ जाऊ द्या. विद्यापीठीय मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना फारसं मोजलं नाही. पुस्तक मात्र लाखांनी खपलं. मनोविश्लेषणवाले तेव्हा रुग्णाला वर्षानुवर्षं कोचावर झोपवून बालपण उकरत होते. त्यामानाने ही बाई फारच साधं बोलत होती.

सामोरं जाण्याचा पहिला नीट नोंदलेला उपचार मात्र त्याहून जुना आहे. १९२४ साली कोलंबिया विद्यापीठातल्या मेरी कव्हर जोन्स या विद्यार्थिनीनं पीटर नावाच्या छोट्या मुलाची हकीकत छापली. पीटरला सशाची, पांढऱ्या उंदराची, फरच्या कोटाची, अगदी कापसाचीही भीती. जोन्स त्याला आवडता खाऊ देऊन बसवायच्या आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायच्या. रोज थोडा जवळ. मध्येच सशाला न घाबरणारी मुलंही सोबतीला असायची. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडत होता आणि पीटर हसत होता. पण मधे एक खंड पडला होता. पीटरला स्कार्लेट फीवर झाला, दोन महिने तो दवाखान्यात होता, आणि तिथून घरी निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला. भीती पुन्हा मूळपदावर. जोन्सनी परत दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.

पुढे दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली याच वाटेची पद्धतशीर मांडणी केली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर असताना खचलेल्या सैनिकांना गुंगीची औषधं देऊन काही साधत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांचा रुग्ण आधी अंग शिथिल करायला शिके आणि मग भीतीच्या प्रसंगांची कल्पना करी, सर्वांत सोप्यापासून सर्वांत अवघडापर्यंत. आज कल्पनेपेक्षा प्रत्यक्षावर भर असतो. मानसोपचारात याला एक्सपोजर म्हणतात.

डोंबिवलीच्या बाईच्या बाबतीत ते असं चालेल. थेरपिस्ट तिच्याकडून एक उतरंड लिहून घेते, प्रत्येक पायरीपुढे भीतीचे शंभरपैकी गुण. दुपारच्या वेळी फलाटावर अर्धा तास बसणं, वीस. स्लो गाडीनं कोपरपर्यंत, म्हणजे एकच स्टेशन, बहिणीबरोबर, तीस. तेच एकटीनं, पंचेचाळीस. दिवा, मग ठाणे. मग दार सोडून डब्याच्या आत, खिडकीशी बसणं, हे साठ. बाटली घरी ठेवून. मग फास्ट गाडी. सर्वांत वर सकाळच्या गर्दीतली फास्ट, शंभर. प्रत्येक पायरीआधी ती वहीत लिहिते: मला काय होईल असं वाटतं? 'चक्कर येऊन पडेन.' परत आल्यावर लिहायचं: काय झालं? घाम आला, धडधडलं, पडले नाही. नियम एकच, घाबरून मध्येच उतरायचं नाही. आणि एकदा जमलं म्हणून थांबायचं नाही. तीच पायरी वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी, वेगळ्या डब्यात पुन्हा.

दवाखान्यातही एक गंमतशीर भाग असतो. थेरपिस्ट रुग्णाला फिरत्या खुर्चीवर बसवून गरगर फिरवते. किंवा मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावते, किंवा नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगते. ज्या लक्षणांना घाबरून माणूस दोन वर्षं घरात बसला, ती लक्षणं इथे मुद्दाम, मागणीनुसार तयार केली जातात आणि दोन मिनिटांत विरूनही जातात. बॉस्टनच्या डेव्हिड बार्लो यांनी पॅनिकच्या उपचारात हा भाग रुजवला. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय हे करू नये. इतरांनीही घरी एकट्यानं करून बघू नये.

सरसकट सगळ्यांना 'रिलॅक्स व्हा' म्हणणंही चालत नाही, याचं एक छान उदाहरण आहे. रक्त किंवा सुई बघून ज्यांना भोवळ येते त्यांचा रक्तदाब आधी क्षणभर वाढतो आणि मग एकदम कोसळतो. बाकीच्या भीतींमध्ये माणूस क्वचितच बेशुद्ध पडतो, इथे खरोखर पडतो. त्याला अंग सैल सोडायला सांगितलं तर तो लवकर पडेल. स्वीडनचे लार्स-ग्योरान ओस्ट यांनी अशा लोकांना उलट शिकवलं: दंड, पोट, मांड्या दहा-पंधरा सेकंद आवळून धरा, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडा, पुन्हा आवळा. रक्तदाब टिकतो, माणूस उभा राहतो. रक्तदान शिबिरातल्या स्वयंसेवकांनी एवढं एक शिकून घेतलं तरी पुष्कळ.

आतापर्यंत विचारांबद्दल फारसं बोललो नाही, कारण विचार बदलण्याचं महत्त्व आपल्याकडे आधीच ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, अंजली जोशींनी 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत १९९० पासून ही परंपरा कार्यशाळांमधून, व्याख्यानांमधून लोकांपर्यंत पोचते आहे. 'झालंच पाहिजे' हा हट्ट सोडून 'झालं तर बरं' इथवर येणं, हे त्याचं सार पुष्कळांना तोंडपाठ असतं. पण एलिस यांची जी गोष्ट ते स्वतः सांगत, ती विचारांची नाही. एकोणिसाव्या वर्षी त्यांना मुलींशी बोलायची प्रचंड धास्ती होती. त्यांनी ठरवलं, ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचं. तीसेक जणी उठून गेल्या. शंभरेक जणींशी बोलणं झालं. एकीनं भेटायचं कबूल केलं, ती आली नाही. एलिस यांची भीती मात्र गेली. फिलाडेल्फियात आरन बेक यांनी १९६० च्या दशकात बोधनिक उपचार उभा केला. त्यांचाही आग्रह हाच की विचार खरा की खोटा, ते खोलीत वाद घालून नव्हे, बाहेर जाऊन तपासून ठरवायचं.

ज्यांना अटॅक येत नाहीत, पण दिवसभर घोर लागलेला असतो, त्यांचं काय? मुलाचा फोन लागला नाही की अपघात, साहेबांनी बोलावलं की नोकरी गेली, पोट दुखलं की कॅन्सर. हे सहा महिन्यांहून जास्त चाललं, आवरेनासं झालं, झोप, मान-पाठ, कामातलं लक्ष सगळं त्यात गेलं, की त्याला सर्वव्यापी चिंताविकार म्हणतात. इथे टाळण्याची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. टॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकन संशोधकांचं म्हणणं असं की चिंता करत राहणं हेच टाळणं आहे. शब्दांची जपमाळ चालू ठेवली की खरी भीती, तिचं चित्र, समोर उभं राहत नाही. शिवाय चिंता केली म्हणजे काहीतरी केलं असं वाटतं. आपल्याकडे तर काळजी न करणारी आई बेफिकीर ठरते. बोर्कोव्हेक यांनी वापरलेला एक उपाय फार सोपा आहे: रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास फक्त चिंता करायची. दिवसभरात आलेली चिंता कागदावर टिपून त्या वेळेवर ढकलायची. झोपायच्या वेळेपासून लांबची वेळ निवडावी, आणि बिछान्यात तर नकोच.

ध्यानाचंही खरं मोल याच जातीचं आहे: आलेल्या विचारामागे न धावणं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा वर्ग चिंताविकारावर एसिटालोप्रॅम या औषधाच्या तोडीस तोड ठरला. मात्र 'विपश्यनेला जाऊन ये, सगळं ठीक होईल' हा घरगुती सल्ला देणाऱ्यांनी एवढं वाचावं की विपश्यना केंद्रांची नियमावलीच सांगते, हे शिबिर मानसोपचाराला पर्याय नाही.

आता गोळ्या. १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम बाजारात आलं. दोन्ही हॉफमन-ला रोश कंपनीच्या लिओ स्टर्नबाख यांची. आपल्याकडे व्हॅलियममधलंच औषध काम्पोज नावानं घराघरात पोचलं. ही बेन्झोडायझेपिन जातीची औषधं अर्ध्या-पाऊण तासात गुण देतात, आणि हीच अडचण आहे. काही आठवड्यांत शरीराला सवय लागते, मग तेवढ्याच गोळीनं भागत नाही, आणि अचानक सोडली तर दुप्पट घबराट, झोप उडणं, क्वचित फिटसुद्धा येते. शिवाय गोळी घेऊन लोकलमध्ये बसलं तर मेंदू शिकतो की गोळीनं वाचवलं. भारतात अल्प्राझोलामसारखी औषधं एच-१ या वर्गात आहेत. दुकानदाराला चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दिल्याची नोंद ठेवावी लागते. तरी शेजारणीची अर्धी गोळी फिरत राहते.

दुसरी जात सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅम यांची. नैराश्यावरची म्हणून ओळखली जाणारी ही औषधं चिंताविकारावरही पहिल्या पसंतीची आहेत आणि त्यांची चटक लागत नाही. पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, कधी कधी जास्तच अस्वस्थता येते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण चौथ्या दिवशी 'गोळी मानवली नाही' म्हणून बंद करतो. बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवायची असते. औषध घेणं म्हणजे मनानं कच्चं असणं, ही समजूत डोक्यातून काढून टाकावी. त्रास तीव्र असेल तर औषधामुळेच माणूस फलाटापर्यंत पोचू शकतो.

पण हे सगळं करणार कोण? २०१७ साली भारतात सुमारे साडेचार कोटी लोकांना चिंताविकार असल्याचा अंदाज आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की नैराश्य-चिंतेसारखे नेहमीचे विकार असलेल्या शंभरातल्या पंचाऐंशी जणांना उपचारच मिळत नाहीत. यावर आपल्या शेजारच्या गोव्यात एक लक्षणीय प्रयोग झाला. विक्रम पटेल आणि त्यांच्या 'संगाथ' संस्थेनं २००७ ते २००९ या काळात चोवीस दवाखान्यांत, निम्मे सरकारी आणि निम्मे खाजगी, 'मानस' नावाची चाचणी घेतली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक महिलांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमलं. अंग दुखतं, थकवा येतो, झोप नाही म्हणून आलेल्या माणसाला त्या वेळ देत, निदानाची जड नावं बाजूला ठेवून टेन्शन आणि शरीर यांचा संबंध समजावत, श्वसनाचे व्यायाम शिकवत, गरज पडली तर डॉक्टरांकडून औषध. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के लोक बरे झाले होते. जिथे नेहमीचेच उपचार होते तिथे ४२ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. तिथला फॅमिली डॉक्टर माणसाला आधीपासून ओळखत होता, बोलायला वेळ देत होता.

तसा डॉक्टर तुमच्या गल्लीत असेल तर सुरुवात त्याच्यापासूनच करा. नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. थेरपिस्ट निवडताना पहिल्याच भेटीत विचारा की साधारण किती भेटी लागतील आणि घरी मला काय करावं लागेल. सात-आठ भेटी होऊनही नुसत्याच गप्पा चालल्या असतील, वही नाही, उतरंड नाही, बाहेर जाऊन करायचं काहीच नाही, तर त्याचं कारण विचारा. उत्तर पटलं नाही तर फाइल घेऊन दुसरीकडे जा.